रिकामी दिसणारी जागा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, ‘वसंत ऋतू आणि आपला समुद्रकिनारा’. वेळ दिलीय वीस मिनिटं. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईची वीस मिनिटं म्हणजे साधारण एक तास धरायचा, हे त्यांना माहीत असायला हवं, कारण ते माझ्याच वर्गात होते. तरी मी घड्याळ समोर ठेवलंय.

वसंत म्हटलं की शाळेच्या निबंधात कोकिळा आणि आंब्याचा मोहोर यायचाच. आपल्याकडे मोहोर येतो तो थंडीत, आणि वसंत लागेस्तोवर बागायतदार झेला घेऊन काढणीला लागलेला असतो. कोकिळ मात्र खरा, पहाटे चार वाजता ओरडून झोपमोड करतो. पण समुद्रकाठचा वसंत बघायचा तर झाडांपेक्षा माणसांकडे बघावं असं मला वाटतं. फाल्गुन, चैत्र, वैशाख या तीन महिन्यांत आपल्याकडचा माणूस घरात कमी आणि बाहेर जास्त असतो. होळी बाहेर, पालखी बाहेर, नमन-खेळे बाहेर, वाळवण बाहेर, जाळी विणणं बाहेर, मुलांच्या सुट्ट्या बाहेर. पुढे चार महिने पाऊस आपल्याला कोंडून ठेवणार, हे पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलंय ना, म्हणून त्याआधीचे तीन महिने माणूस उघड्यावर जगून घेतो.

आता यात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. या सगळ्याला जागा लागते. आणि ती जागा एकट्यादुकट्याची नसते. आज मला बोलायचंय ते त्या जागेबद्दल.

आधी समुद्रावर जाऊ. आपल्यापासून मांडवी चालत दहा-बारा मिनिटं. मांडवीची वाळू काळी, आणि उत्तरेला मिऱ्याच्या बाजूला गेलात की पांढरी. म्हणून तर आपण काळा समुद्र, पांढरा समुद्र म्हणतो. पाणी दोन्हीकडचं एकच! काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत. बच्चेकंपनी, उद्या जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन जा आणि कोरड्या वाळूत फिरवा. काळ्या कणांची मिशी उगवते त्याला.

किनाऱ्याचे दोन भाग करा. एक भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं तो ओला भाग. आणि दुसरा त्याच्या वरचा, सुरूच्या किंवा माडांच्या झाडांपर्यंतचा कोरडा पट्टा. ओल्या भागावर आपण चालतो, क्रिकेट खेळतो, शिंपले वेचतो. कोरड्या पट्ट्यावर पाय रुततात, म्हणून तिथे कोणी फारसं थांबत नाही. गुलाबी-जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते तेवढीच. नाव बघा काय सुंदर आहे, मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखवणारी. ती आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते.

हा कोरडा पट्टा वर्षातले बरेच दिवस रिकामा दिसतो. पण वसंतात सगळं काही तिथेच घडतं. सुकी मासळी तिथे वाळते. होड्या तिथे वर ओढून ठेवतात. आणि कासव अंडी घालतं तेही तिथेच. त्याच्याकडे मी येतेच. त्याआधी मुलांना एक गणित देते, घरी गेल्यावर आजोबांना विचारून पडताळा.

भरती किती वाजता, हे आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना घड्याळाशिवाय कळायचं. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे बरं का, मिनिटाचा हिशोब नाही. होडी घालायची असेल तर छापील कोष्टकच बघायचं. पण फिरायला जायला एवढं पुरतं.

आता याच गणितानं सण बघा. होळी पौर्णिमेची. भरती सव्वाअकराची, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. त्यातून पौर्णिमा म्हणजे उधाण, पाणी जास्त चढतं तसं जास्त ओसरतंही. म्हणजे होळीच्या संध्याकाळी किनारा सगळ्यात रुंद असतो. समोर सूर्य मावळतोय, पाठीमागून चंद्र वर येतोय, आणि मध्ये एवढं मोठं ओलं मैदान. हे बघायला लोक पैसे खर्चून दूरवरून येतात, आणि आपण त्या वेळी टीव्हीसमोर असतो. हनुमान जयंतीलाही तेच, चैत्रातली पौर्णिमा.

आणि रामनवमीला? नऊ पाऊणे पावणेसात. म्हणजे संध्याकाळी फिरायला जाल तर पाणी वर आलेलं, चालायला जागा थोडी. त्या दिवशी दुपारी ओहोटी, पण उन्हात कोण जाणार!

रंगपंचमीचं गणित मात्र सगळ्यांनी पाठ करा. वद्य पंचमी, पाच पाऊणे पावणेचार. सकाळी रंग खेळून, जेवून पोरं अंग धुवायला समुद्रावर जातात ती साधारण याच वेळेला. पाणी तुडुंब असतं आणि तिथून पुढे ओसरायला लागतं. खाडीच्या तोंडाशी हे ओसरणारं पाणी माणसाला बाहेर ओढतं, आणि भाट्याची खाडी आपल्याला किती जवळ आहे ते सांगायला नको. उघड्या किनाऱ्यावरही लाटांनी आत आणलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेनं जोरात परत जात असतं. वरून ती जागा शांत दिसते, लाटा फुटत नाहीत, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. तशात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर बाजूला पोहा, त्या वाटेच्या बाहेर पडा, मग लाटेबरोबर आत या. आणि पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नको. दर सुट्टीत आपण वर्तमानपत्रात बातम्या वाचतो. त्यातले बहुतेक बाहेरगावचे पाहुणे असतात, आणि पाहुण्यांना हे सांगायचं काम आपलंच आहे. तुमच्याकडे मे महिन्यात भाचरं येतील तेव्हा आंबे द्यायच्या आधी हे सांगा.

आता कासवांकडे येऊ. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं येतात. मादी थंडीच्या दिवसांत रात्रीची येते, भरतीची रेषा ओलांडून कोरड्या पट्ट्यात जाते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते, अंगानं थोपटून दाबते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. पुढचं सगळं काम वाळूचं आणि उन्हाचं. दीड-पावणेदोन महिन्यांनी, म्हणजे बरोबर आपल्या फाल्गुन-चैत्रात, पिल्लं बाहेर येतात. आणखी एक गंमत, पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या, कमी तापली तर नर.

या अंड्यांना कोल्हा, कुत्रा आणि माणूस तिघंही टपलेले असायचे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धनाचं काम सुरू केलं. वेळास म्हणजे नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. आता ते कासवांचं गाव म्हणून जास्त ओळखलं जातं. पद्धत साधी आहे. पहाटे किनारा चालायचा. कासवाच्या येण्या-जाण्याचा माग दिसला की घरटं शोधायचं. अंडी अलगद काढून, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची, वर तारीख लिहायची. दिवस भरत आले की त्यावर टोपली उपडी घालायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघायची. पिल्लं निघाली की पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडायची. पाण्यात नाही सोडायची, त्यांना चालत जाऊ द्यायचं. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतून राहतात, घरचं जेवण जेवतात, दोरीच्या मागे उभे राहून पिल्लं बघतात. दापोली तालुक्यात आंजर्ले, तिकडे गुहागर, आपल्या तालुक्यात मालगुंड, गावखडी, अशी बरीच गावं आज हे काम करतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. आंजर्ल्याच्या मादीचं नाव सावनी. त्या समुद्रात कुठे फिरताहेत हे नकाशावर दिसायचं.

मी हे इतकं सविस्तर का सांगतेय? यात कुठेही मोठी इमारत नाही, मोठं यंत्र नाही. एक रिकामा पट्टा, थोडी जाळी, काही टोपल्या आणि पाळीपाळीनं पहाटे उठणारी माणसं. यातला पट्टाच गेला तर बाकीच्याचा उपयोग नाही.

आणि पट्टा जातोच आहे. चारचाकी थेट वाळूवर घालायची हौस वाढलीय. चाकाखाली वाळू घट्ट होते आणि खाली घरटं असलं तर संपलं. मग गाडी रुतते, भरती येते, आणि ती बाहेर काढायला गाववाल्यांना ट्रॅक्टर आणावा लागतो. मोठे दिवे लागतात. पिल्लू अंधारात उजेडाच्या दिशेनं चालतं. मोकळ्या किनाऱ्यावर उजेड समुद्राच्या अंगाला असतो, पण हॉटेलचा दिवा प्रखर असला की ते उलट्या दिशेनं रस्त्यावर येतं. दुसरीकडे समुद्र जमीन खातो म्हणून बंधारे घालावे लागतात. मिऱ्याच्या लोकांना विचारा, त्यांच्या घरांचा प्रश्न आहे, बंधारा नको असं त्यांना कोण सांगणार? पण बंधाऱ्याचे दगड जिथे पडले तिथे कोरडी वाळू उरत नाही, हेही खरंच. म्हणून जिथे अजून उरलीय तिथे ती जपायची. रिकामी दिसते म्हणजे बिनकामाची नव्हे.

आता समुद्रावरून आपल्या गेटात येते.

आपण इथे राहायला आलो तेव्हाचं जुन्या मंडळींना आठवत असेल. बत्तीस बिऱ्हाडं, आणि कुठकुठून आलेली! बँकेतले, एसटीतले, बांधकाम खात्यातले, शाळेतले. कोणी सांगलीचं, कोणी लातूरचं, कोणी राजापूर-लांज्याचं. शिमग्यात समोरच्या रस्त्यावरून ढोल वाजत पालखी जायची आणि आपण गॅलरीतून बघायचो. वाडीतल्या घराघरात पालखी जाते, ओटी भरली जाते, गाऱ्हाणं घातलं जातं. आपण कुठल्याच वाडीचे नव्हतो. ज्यांची गावं जवळ ती चाकरमान्यांसारखी आपापल्या गावी जायची, बाकीचे गॅलरीत.

तिसऱ्या वर्षी आपल्या सोसायटीतल्या पाच-सहा बायका मानकऱ्यांना भेटायला गेल्या. मीही होते. आमच्याकडे पालखी येईल का, विचारलं. मला वाटलं होतं की ते विचारतील, तुमचा मान काय, तुम्ही कुठले, वर्गणी किती. त्यांनी एवढंच विचारलं, “बाई, जागा आहे काय? पालखी टेकवूक, नाचवूक, माणसा उभी रवाक?” आम्ही म्हटलं, मागे आहे. ते स्वतः येऊन आपली मागची मोकळी जागा बघून गेले. चालत एक फेरी मारली, माडाच्या झावळ्या किती खाली येतात ते वर बघितलं, आणि म्हणाले, “येव.”

तेव्हापासून पालखी आपल्याकडे येते. ज्यांनी कधी बघितलं नाही अशा नव्या बिऱ्हाडांसाठी सांगते. ढोल-ताशा घुमतो, पालखी खांद्यावर, मग डोक्यावर नाचते. नाचवणाऱ्यांची पावलं मागेपुढे कशी पडतील सांगता येत नाही, म्हणून भोवती चारही बाजूंनी जागा लागते. मग पालखी स्थिरावते, आपण ओट्या भरतो, आणि गाऱ्हाणं होतं. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून होकार द्यायचा. त्यात सोसायटीच्या नावानं गाऱ्हाणं घालतात, की या इमारतीतल्या लेकराबाळांना सुखी ठेव, परगावी गेलेल्यांना सुखरूप ठेव. पहिल्यांदा ते ऐकलं त्या दिवशी आपण या गावचे झालो, असं मी तरी मानते. नोंदणी प्रमाणपत्र त्याआधीच मिळालं होतं, पण कागदानं संस्था होते. शेजार व्हायला आणखी काहीतरी लागतं.

पालखी झाली की जागा पुन्हा रिकामी. मग चैत्र लागतो. हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं, तेही आपण मागेच करतो, कारण बत्तीस घरांच्या बायका कोणाच्याच हॉलमध्ये मावत नाहीत. मग वैशाख. परीक्षा संपलेल्या, पोरांचा क्रिकेटचा दंगा, ए विंगच्या तळमजल्याच्या काचा. एका बाजूला खाटेवर चादरीत फणसाचे पापड, कुरडया, आमसुलं. आपल्याकडे दुपारपासून खारा वारा सुटतो, त्यानं वाळवणाला ऊन आणि वारा दोन्ही मिळतं. पण राखणीला कोणीतरी लागतं. कावळा, कुत्रा, आणि आपलीच पोरं. त्या राखणीला बसलेल्या आज्या आणि त्यांच्याभोवती जमलेली मुलं, ही आपल्या सोसायटीची खरी पाळणाघरं. माझ्या माहितीत दोन मुलं तिथे बसून पाढे शिकलीत आणि एक मुलगी कोकमाचं आगळ करायला शिकली. ती आज परदेशात आहे आणि दर वर्षी मला विचारते, रातांबे आले का.

तिकडे खाली समुद्रावरही हीच घाई असते. आगोटची. पावसाळ्याची बेगमी. सुकट, जवळा, बोंबील वाळवून भरून ठेवायचे. मे संपत आला की समुद्र खवळायला लागतो, वारा फिरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही धोक्याचा. होड्या वर काढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या. कुठे शाकारायच्या? त्याच कोरड्या पट्ट्यावर. म्हणजे बघा, होळीपासून आगोटीपर्यंत त्या एका पट्ट्यानं किती कामं केली! आणि श्रावणात कोणी बघितला तर म्हणेल, एवढी जागा उगाच पडून आहे.

आता जे बोलायला मी थोडी कचरतेय ते बोलते. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक विषय आहे. आपल्या मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक घालून पार्किंगच्या रेषा आखायच्या. सगळ्यांना नोटीस मिळालीय. मी या विषयाच्या विरोधात भाषण करायला उभी नाही. गाड्यांची अडचण खरी आहे. आपण आलो तेव्हा दोन चारचाक्या होत्या, आता विसाच्या वर आहेत. बी विंगमधल्या काकांना रात्री साडेनऊला डायलिसिसहून परत आणतात तेव्हा गाडी जिन्यापाशी लावायला जागा नसते, ही मी डोळ्यांनी बघितलेली गोष्ट आहे. त्यांना पालखीचं कौतुक सांगून काय उपयोग? पावसात तिथे चिखल होतो, घसरायला होतं, हेही खरं.

पण सभेत त्या जागेचा उल्लेख ‘विनावापर पडून असलेली जागा’ असा आलाय. तेवढ्या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. ती विनावापर नाही. तिचा वापर ऋतूप्रमाणे होतो. किनाऱ्यावरच्या पट्ट्यासारखाच.

म्हणून सभेपुढे ठेवण्यासाठी माझं म्हणणं लेखी दिलंय, ते इथे थोडक्यात सांगते.

एक, जिन्याच्या बाजूची पुढची चिंचोळी जागा पक्की करा आणि तिथली पहिली जागा कायमची आजारी माणसाच्या गाडीसाठी आणि रुग्णवाहिकेसाठी ठेवा. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नको, माझाही नको.

दोन, मागच्या जागेत अर्ध्या भागात गाड्या लावा. उरलेला अर्धा, माडांच्या बाजूचा, मातीचाच राहू द्या. पाणी मुरायलाही जागा हवी. आपल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं ते पंप लावणाऱ्याला विचारा.

तीन, शिमग्यात पालखी येण्याच्या दिवशी आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्या गाड्या सकाळीच बाहेर. वर्षातून दोन दिवस. तारखा पंचांगात आधीच असतात, नोटीस बोर्डावर महिनाभर आधी लावता येतील.

चार, हे पैशाचं काम नाही, माणसांचं आहे. कार्यकारिणीवर सगळं टाकून चालणार नाही. वेळासला जशी पहाटेची पाळी लावतात तशी आपण लावू. पालखीच्या दिवशी जागा झाडायची पाळी, वैशाखात वाळवणाच्या राखणीची पाळी, पौर्णिमेला मुलांना समुद्रावर नेऊन आणायची पाळी. दर पाळीला दोन घरं. बत्तीस घरांत वर्षातून एकदा-दोनदाच नंबर लागेल.

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, बाई, मार्चमध्ये परीक्षा असतात. असतात. दहावीची बोर्डाची परीक्षाही त्याच दिवसांत येते. तीस वर्षं पेपर तपासलेत मी. पालखीपाशी तासभर उभा राहिला म्हणून कोणी नापास झालेला मला माहीत नाही. रात्रभर मोबाइल बघून झालेले पुष्कळ माहीत आहेत! काही म्हणतील, आम्हाला देवाधर्माचं फारसं नाही. मग तुम्ही किनाऱ्याची पाळी घ्या. पौर्णिमेच्या ओहोटीला देवधर्म लागत नाही, चपला काढल्या की झालं. कोणी म्हणेल गुडघे दुखतात. रिक्षा करा, माझेही दुखतात. मांडवीच्या जेटीवर बसायला जागा आहे.

आणि समुद्रावर जाताना तीन गोष्टी आपण बत्तीस घरांनी ठरवून टाकू. आपली गाडी वाळूवर जाणार नाही. आपण नेलेलं प्लास्टिक आपल्याबरोबर परत येईल, आणि जमलं तर दुसऱ्याचं थोडंसं. कासवाचा माग दिसला, म्हणजे वाळूवर ट्रॅक्टरच्या टायरसारखी लांबट नक्षी दिसली, तर तिच्याभोवती गर्दी न करता वन खात्याला कळवायचं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. तिच्या अंड्यांना हात लावायचं काम शिकलेल्या माणसांचं.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बसवली, रंग दिला, गळती थांबवली, गच्चीवर सौरदिवे लावले. सगळं गरजेचं होतं, आणि ज्यांनी ज्यांनी धावपळ केली त्या सगळ्या कार्यकारिणींचे मी आभार मानते. फुकट पगाराची आणि वर बोलणी खायची ती नोकरी, ती करायला माणूस मिळणं कठीण! पण पुढच्या पंचवीस वर्षांत इथली बरीच घरं बदलतील. नवी बिऱ्हाडं येतील, कदाचित ही इमारतही नव्यानं बांधायचा विषय निघेल. तेव्हा नकाशात प्रत्येक चौरस फूट मोजला जाईल आणि त्याची किंमत लावली जाईल. त्या दिवशी मागच्या जागेबद्दल कोणीतरी विचारेल, इथे काय होतं? तेव्हा उत्तर देणारी माणसं हवीत. ती माणसं आज माझ्यासमोर सतरंजीवर बसलीत. तुम्ही तिथे खेळलात, वाळवण राखलंत, पालखीपुढे नाचलात, तर तुम्हाला सांगता येईल.

या वर्षी होळीला सुरुवात करू. आपला होम मागच्या अंगणात रात्रीच असतो, म्हणजे संध्याकाळ मोकळीच आहे. पाच वाजता गेटपाशी जमायचं, साडेपाचला मांडवी. भरती सव्वाअकराची आहे, म्हणजे ओहोटी कधी, ते मुलांनी घरच्यांना सांगायचं. पहिली पाळी माझी आणि आमच्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांना मी अजून विचारलेलं नाही, पण त्या समोर बसून हसताहेत, म्हणजे हो समजायला हरकत नाही.

माझं घड्याळ सांगतंय की वीस मिनिटं केव्हाच झाली. जेवण गार होतंय. रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.